भंडारदऱ्यामागच्या गावांत एक संध्याकाळ आणि चुलीवरचं जेवण: सहा-आठ जणांचा बेत कसा आखावा

भंडारदऱ्याला येणारे बहुतेक लोक धरणाजवळच्या शेंडी गावात उतरतात, धरण बघतात, तिथल्याच हॉटेलात जेवतात आणि परत फिरतात. १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी मागे डोंगरांत लांबवर शिरलंय. त्या पाण्याला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत ही गावं लागतात. सगळी अकोले तालुक्यातली, बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पूर्ण वळसा साधारण ४५ किलोमीटरचा. दुपारी शेंडीतून निघायचं, रतनवाडी-साम्रद करत सूर्यास्ताला घाटघरच्या कोकणकड्यावर यायचं, परतीच्या वाटेवर एखाद्या घरी चुलीवरचं जेवायचं आणि रात्री शेंडीत मुक्कामाला यायचं, एवढं एका संध्याकाळीत आरामात बसतं.

अट एकच. जेवणाची वेळ सगळ्यात आधी ठरवायची आणि बाकीचं सगळं तिथून उलटं मोजत यायचं. बहुतेक गट आधी बघायच्या जागांची यादी करतात आणि जेवण शेवटी कुठेतरी बसवतात. मग साडेनऊला अंधारात एखाद्या घरासमोर गाडी थांबते, भाकऱ्या गार झालेल्या असतात, रस्सा दोनदा तापवून आटलेला असतो, आणि स्वयंपाक करणारी बाई दोन तास वाट बघून कंटाळलेली असते.

सहाच किंवा आठच का

पहिलं कारण गाडी. शेंडीत भाड्याने मिळणाऱ्या जीपगाडीत ड्रायव्हर आणि गावातला एक वाटाड्या सोडून सहा-आठ जण बसतात. दोन गाड्या झाल्या की प्रत्येक थांब्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसती एकमेकांची वाट बघण्यात जातात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे चूल. घरात एक चूल आणि तिला जोडलेला एक वैल, म्हणजे बाजूची छोटी चूल, असतो. चुलीवर तवा, वैलावर रस्सा किंवा भात. एक भाकरी थापून, भाजून, निखाऱ्यापुढे फुगवून काढायला हात बसलेल्या बाईलाही तीन-चार मिनिटं लागतात. आठ जणांना दोन-दोन म्हणजे सोळा भाकऱ्या, म्हणजेच एक तास. चौदा जण आलात तर भाकऱ्यांनाच दोन तास हवेत. मग एकतर पहिल्या भाकऱ्या वातड होतात, नाहीतर अर्ध्या लोकांना नुसतं बसून राहावं लागतं. गट मोठा असेल तर दोन शेजारच्या घरांत जेवण सांगा. एकाच घरावर सगळा भार टाकला की सोय म्हणून ज्वारीच्या भाकऱ्या किंवा चपात्या आधीच करून डब्यात भरून ठेवल्या जातात, आणि त्यात त्या घरची काहीही चूक नसते.

चौघांपेक्षा कमी असाल तर जीपचं भाडं आणि स्वयंपाकाचा खटाटोप दोन्ही अंगावर येतात. कोंबडीचा बेत तर दोघांसाठी सांगूच नये.

फोन कुणाला आणि काय सांगायचं

सोपा मार्ग शेंडीतून जातो. तिथले जीपवाले आणि मुक्कामाची घरगुती सोय करणारे लोक मागच्या गावांतलेच किंवा त्यांच्या नात्यातले असतात. कुणाच्या घरी जेवण होतं, कुठला बचत गट स्वयंपाक घेतो, हे त्यांना ठाऊक असतं. जेवणासाठी उडदावणे किंवा पांजरे निवडावं. दोन्ही गावं घाटघरहून शेंडीकडे येताना वाटेत लागतात, त्यामुळे पोटभर जेवल्यावर रात्रीचा रस्ता थोडाच उरतो. साम्रदला जेवलात तर जवळपास अर्धा वळसा अंधारात कापावा लागतो.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करा आणि पुढच्या गोष्टी स्पष्ट सांगा: माणसं किती, त्यांत शाकाहारी किती, मुलं किती, ताटावर किती वाजता बसणार. ‘सात-आठ जण असू’ असं सांगू नका, आकडा द्या. सकाळी पुन्हा एकदा फोन करून तोच आकडा पक्का करा. कोंबडी सकाळीच धरून ठेवावी लागते. दिवसभर मोकळी फिरणारी गावठी कोंबडी दुपारी हाताला लागत नाही.

धरणामागच्या गावांत मोबाइलची रेंज येते-जाते. व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप पोचलाच असं धरून चालू नका. फोनवर प्रत्यक्ष बोलणं होईना तर शेंडीतल्या जीपवाल्याकडे निरोप द्या, तो दूधवाल्यामार्फत किंवा वडापच्या (माणशी भाड्याने चालणाऱ्या) गाडीवाल्यामार्फत बरोबर पोचवतो. आणि एकदा शेंडी सोडली की माणसं वाढवायची नाहीत.

पैशाचं बोलणं आधीच उरकून घ्यावं. दर गावागणिक आणि मोसमागणिक बदलतात, म्हणून नुसतं ‘ताटाचे किती’ असं विचारून थांबू नका. भाकरी पोटभर की मोजून, संध्याकाळचा चहा त्यात धरलाय का, गाव दाखवायला कुणी बरोबर येणार असेल तर त्याचे वेगळे किती, हे विचारून घ्या. जीपवाल्यामार्फत जेवण सांगितलं असेल तर सरळ विचारा, ‘दादा, जेवणाचे पैसे मावशींच्या हातात देऊ ना?’ तो हो म्हणाला तर सगळं सुरळीत. त्याचं जे काही असेल ते गाडीच्या भाड्यात वेगळं धरू द्या. अर्धी रक्कम आधी पाठवावी, उरलेली रोख न्यावी. रेंज नसेल तिथे स्कॅन करून पैसे देता येत नाहीत, आणि पाचशेच्या नोटेला सुटे मिळणंही कठीण, म्हणून शंभरच्या नोटा ठेवा.

ताटात काय मागावं

इथे थोडं रेंगाळू, कारण चुका बहुतेक इथेच होतात. शहरातून आलेला गट ‘काहीही चालेल’ म्हणतो आणि मग यजमान पाहुण्यांना आवडेल म्हणून बाजारातून पनीर आणि मटार आणतात. जे घरात रोज शिजतं तेच मागा, नावं घेऊन मागा.

नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, हुलग्याचे (कुळथाचे) शेंगोळे किंवा पिठलं, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, मिरचीचा ठेचा, वरईचा किंवा गावातल्याच तांदळाचा भात आणि हवा असेल तर गावठी कोंबडीचा रस्सा. एवढं पुरेसं आहे. आठ जणांसाठी ढोबळ हिशोब असा: दोन किलो पीठ, ज्यात सोळा-अठरा भाकऱ्या होतात. शेंगोळ्यांना अर्धा किलो हुलग्याचं पीठ. साडेसहाशे ग्रॅम तांदूळ. आणि जिवंत असताना दीड-दीड किलोच्या दोन कोंबड्या. साफ केल्यावर एकीचं किलोभर मांस उरतं, म्हणजे चौघांना एक. हा हिशोब यजमानांना शिकवायचा नाही, त्यांना तो तुमच्याहून चांगला येतो. तुम्हाला तो ठाऊक असावा एवढ्यासाठी, की आठ जणांत चार कोंबड्यांची मागणी करू नये.

गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते. जून निघाली तर चुलीवर दीड ते दोन तास. ब्रॉयलर पाऊण तासात होते. म्हणून उशिरा सांगितलेल्या बेतात गुपचूप ब्रॉयलर येते, आणि पैसे मात्र गावठीचे द्यावे लागतात. ओळखायचं असेल तर हाड बघा: गावठीचं हाड बारीक आणि कडक असतं, मांस गडद आणि हाडाला धरून राहतं. ब्रॉयलरचं मांस सहज सुटून रश्श्यात विस्कटतं. आठला जेवायचं असेल तर रस्सा सहाच्या आत चुलीवर चढायला हवा.

सोमवारी, एकादशीला आणि श्रावणात बऱ्याच घरांत मांसाहार शिजत नाही. फोनवर वार-तिथी विचारून घ्या आणि नकार आला तर आग्रह करू नका. त्या दिवशीचे शेंगोळे कोंबडीच्या तोडीचे होतात. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मिरची वाटून घालतात, घट्ट मळून हातावर वळून कडी करतात आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडतात. पाणी खळाखळा उकळत नसताना सोडली तर ती विरघळून सगळ्याचं पिठलं होतं. शेंगोळे केल्या केल्या खावेत, अर्ध्या तासात रस्सा शोषून घट्ट गोळा होतो.

ठेच्याबद्दल आधी विचारा. ‘तिखट कमी’ म्हटल्यावर रस्सा कमी तिखट होतो, पण ठेचा तसाच येतो. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी भाताबरोबर साधं वरण सांगून ठेवा. दूध-तूप गावात मुबलक असेल असं समजू नका. चहा बहुधा कोराच मिळतो, गूळ आणि गवती चहा घातलेला, आणि तो दुधाच्या चहापेक्षा तिथे बराही लागतो. कुणाला शेंगदाणे, तीळ किंवा खेकड्याची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. चटणीत, वाटणात काय पडलंय हे ताटावर बसल्यावर कळत नाही.

मोसमाप्रमाणे ताट बदलतं. जून-जुलैत कुर्डूची कोवळी पानं. मग करटुली, भारंगी, चाईचा मोहोर. भारंगीची पानं उकळून पहिलं पाणी फेकतात, नाहीतर कडू लागते. तेऱ्याची भाजी मिळाली तर चिंच किंवा आमसूल भरपूर पडलंय ना, एवढं विचारा. आंबट कमी पडलं तर घसा खाजतो. पावसाळ्यात ओढ्याच्या खेकड्यांचं कालवण मिळतं. जाड नांग्या बाजूला ठेवून बारीक पाय पाट्यावर वाटतात, पाण्यात कालवून कपड्यातून गाळतात आणि ते गढूळ दिसणारं पाणी रश्श्यात ओततात. कालवणाची सगळी चव त्याच पाण्यात असते, त्यामुळे नुसत्या नांग्या टाकलेलं कालवण फिकं लागतं. खेकडे मिळणं रात्रीच्या पावसावर अवलंबून, त्यामुळे त्यांचा हट्ट धरता येत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापणीला येतो. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातला काळभात हा गावरान वाण, साळ काळसर, तांदूळ सुवासिक. नवा तांदूळ शिजवताना पाणी कमी लागतं, सवयीने जास्त घातलं की भाताचा लगदा होतो. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं गाव या वळशावर नाही, पण ताटात काळभात, वाल, हुलगे आले की बियाणं घरचं की बाजारचं हे विचारा. गप्पा तिथून आपोआप सुरू होतात.

भाकरी थापायला बसायचं असेल तर

आठ जणांत दोघा-तिघांना हौस असतेच. मावशींना आधी विचारा आणि शेवटच्या चार भाकऱ्या मागा, पहिल्या नकोत. सुरुवातीला तवा तापवण्याची आणि जाळ धरण्याची गडबड असते.

नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून गार पाण्यात मळलं तर भाकरी थापतानाच फाटते. वाटीभर पाण्याला चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळी आणतात, त्यात वाटीभर पीठ घालून ढवळतात आणि झाकतात. पाचेक मिनिटांनी उकड काथवटीत, म्हणजे लाकडी परातीत, काढून, हाताला सोसवेल तितकी गरम असतानाच तळव्याच्या टाचेने रगडून मळतात. सगळं कसब या मळण्यात असतं. काठाला भेगा पडत असतील तर मळणं कमी पडलंय किंवा पीठ गार झालंय. थोडं गरम पाणी लावून पुन्हा रगडायचं, कोरडं पीठ घालत बसायचं नाही. खाली पीठ भुरभुरवून बोटांनी गोल थापायची, मध्ये आणि काठाला सारखीच जाडी ठेवायची.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटायची. पाणी सुकून गेलं की वरचा पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की तवा उतरवून भाकरी निखाऱ्यापुढे उभी करतात. जाळापुढे धरली तर काळी पडते, निखारा लागतो. नवख्याची पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते, आणि ती त्यानेच खायची असा घरोघरी नियम आहे.

धुराचं भान ठेवा. दम्याचा त्रास असलेल्याने चुलीजवळ बसू नये, पडवीत बसावं.

वेळेचा हिशोब

हिवाळ्याचं उदाहरण घेऊ. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. ताट पावणेआठला हवं असेल तर दुपारी दोनला शेंडी सोडावी लागते, अडीचला नव्हे.

निघतानाच वन विभागाच्या नाक्यावर प्रवेशाची पावती करा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पावती सांभाळून ठेवा, पुढे पुन्हा विचारतात. इंधन घोटी किंवा राजूरलाच भरून घ्या, मागे पंप नाही. स्वच्छतागृह शेंडीतच उरका. पुढे जेवणाच्या घरीच सोय मिळेल, तीही आधी विचारलेली बरी, विशेषतः गटात बायका-मुली असतील तर.

तीनपर्यंत रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ आणि शेजारची पुष्करणी यांना पाऊण तास द्या. देवळाची बाहेरची भिंत फिरून बघायची गोष्ट आहे, नुसतं आत जाऊन घंटा वाजवून निघू नका. दुपारचं ऊन तिरपं झालं की कोरीव काम उठून दिसतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. त्या दिवसांत पायरी निसरडी असते, पाय जपून टाका. रतनगड चढायचा मोह इथेच होतो. तो वेगळ्या दिवसाचा उद्योग आहे.

पावणेचारला निघून सव्वाचारपर्यंत साम्रद. रतनवाडी-साम्रद हा पट्टा वळशातला सगळ्यात खराब. पावसाळ्यात तो चालू आहे का, हे जीपवाल्याला विचारल्याशिवाय बेत पक्का करू नका. बंद असेल तर शेंडी-पांजरे-उडदावणे-घाटघर असं जाऊन त्याच वाटेने परत यावं. रतनवाडी मग सकाळसाठी ठेवा.

साम्रदला कोरा चहा आणि गावातून सांधण दरीच्या, म्हणजे खडकातल्या अरुंद खोल घळीच्या, तोंडापर्यंत चालत जाऊन यायचं. एक तास लागतो. दरीच्या तोंडाशी थांबा. ‘पाच मिनिटं आत जाऊन येऊ’ म्हणून उतरणाऱ्यांचा हमखास अर्धा-पाऊण तास जातो. आत प्रकाश लवकर जातो, दगड गुळगुळीत आहेत, वाटेत पाणी आहे. पावसाळ्यात तर ती पाण्याचीच वाट, तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. गावाबाहेरच्या माळावर उभं राहिलात तर रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, आजोबाचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला अलंग-मदन-कुलंग एका फेरीत दिसतात. दरीत उतरण्यापेक्षा या वेळी हे बघणं शहाणपणाचं.

सव्वापाचला साम्रद सोडलं की घाटघर सूर्यास्ताच्या आधी गाठता येतं. कोकणकड्यावर वारा जबर असतो. टोपी, ओढणी, मोबाइल सांभाळा. कड्यापासून चार पावलं मागे उभं राहा, धुकं असेल तर कड्याकडे जाऊच नका. कडा कुठे संपतो ते दिसत नाही आणि धुकं मिनिटभरात भरतं. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांबायला हरकत नाही, आकाशातला रंग तेव्हाच चढतो. त्याहून जास्त थांबलात तर रस्सा वाट बघत बसतो.

पावणेसातला उडदावणे. थेट ताटावर बसायचं नाही. थोडा उजेड उरला असेल तर वस्तीतून एक फेरी, मग चुलीजवळ. पावणेआठला जेवण, पावणेनऊला निघायचं, साडेनऊपर्यंत शेंडी.

मेअखेरीला सूर्य सात-सव्वासातला मावळतो, म्हणून तेव्हा सव्वातीनला निघा आणि जेवण नऊच्या जवळ सरकवा. उन्हाळ्यात दोनला निघण्यात काही अर्थ नाही, रतनवाडीच्या दगडांवर अनवाणी पाय भाजतात.

एखादा थांबा गाळायची वेळ आली तर साम्रद गाळा. घाटघर आणि जेवण यांना धक्का लावू नका.

काजव्यांच्या दिवसांत

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत, सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे असतात. या दिवसांत बेत थोडा बदलतो: जेवण आधी, साडेसातला, आणि काजवे नंतर. पूर्ण काळोख आठच्या आसपास होतो. अमावास्येच्या आगेमागे जा, चांदण्यात लुकलुक फिकी दिसते.

शनिवार-रविवार टाळाच. वळशाच्या रस्त्यावर गाड्यांची कोंडी होते आणि गाड्यांच्या दिव्यांनी काजवेही दिसत नाहीत. काजव्याचं चमकणं म्हणजे नराने मादीला दिलेली हाक. हेडलाइट, फ्लॅश, मोबाइलची बॅटरी यांनी ती तुटते आणि झाड काळं पडतं. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा आणि तो फक्त पायाखाली धरा. झाडाखाली जाऊ नका, माद्या आणि अंडी गवतात, ओल्या पाचोळ्यात असतात. रस्त्याच्या कडेलाच उभं राहा, गाडीचं इंजिन बंद करा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्या. रात्रीच्या प्रवेशावर वन विभाग वेळेची मर्यादा घालतो. त्या वर्षीची वेळ नाक्यावर विचारून जेवणाची वेळ त्यात बसवा. बाटली भरून काजवे नेणारा गटात कुणी असेल तर त्याला आधीच दम भरून ठेवा.

घरात आणि वस्तीत

शेणाने सारवलेल्या ओट्यावर चपला नेऊ नयेत. बायकांना मावशी, ताई, म्हाताऱ्यांना आजी, बाबा म्हटलं की पुरतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा देव्हाऱ्यापाशी विचारल्याशिवाय शिरू नका. फोटो काढायच्या आधी विचारा, मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका. एकदा सवय लागली की पुढच्या प्रत्येक गाडीमागे पोरं धावतात.

इथे पाऊस प्रचंड पडतो, तरी एप्रिल-मेत पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते. पाणी लांबून आणलेलं असतं. माणशी दोन लिटर पाणी आपलं आपण न्या, हात धुताना नळ सोडल्यासारखा तांब्या उपडा करू नका. दारू आणि स्पीकर अभयारण्यात बंद आहेत. प्लास्टिकच्या बाटल्या, पाकिटं परत शेंडीपर्यंत आपल्या गाडीतून आणा. ताटात घेतलेलं संपवा आणि नको असेल तेव्हा ताटावर हात आडवा धरून ‘बास’ म्हणा. नुसतं ‘थोडंसं’ म्हटलंत की अर्धी भाकरी पडतेच.

अंधारातला परतीचा रस्ता

गटात निदान तीन टॉर्च हव्यात, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. बूट बंद हवेत. अंगणातून गाडीपर्यंतच्या पन्नास पावलांतही साप-विंचवाचा संभव असतो, विशेषतः पावसाळ्यात आणि भाताच्या खाचरांच्या बांधावर. साप चावला तर चिरा देणं, करकचून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा, आणि रेंज नसेल तर थांबून न राहता थेट राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे गाडी काढा.

बिबट्याचा वावर या भागात आहे. एकट्याने अंधारात लघवीला लांब जाऊ नका, मुलांना मधोमध ठेवा. रस्त्यावर गुरं बसलेली असतात, वळणावर वेग कमी ठेवा. जेवून सुस्तावलेल्या गटाने त्याच रात्री मुंबई-पुण्याला निघायचा विचार सोडावा.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला घाटघर-उडदावण्याच्या बाजूला धुकं इतकं दाटतं की गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नाही. वरचा दिवा लावला की उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो, म्हणून दिवा खालीच ठेवायचा आणि एकाने खिडकीतून रस्त्याची कड बघत राहायची. तरीही जमत नसेल तर मागे फिरून जेवलात त्याच घरी थांबणं बरं. त्यासाठी आदल्या दिवशी जेवण सांगतानाच मुक्कामाची सोय होईल का ते विचारून ठेवा. पडवीत सात-आठ चटया बहुतेक घरांत पसरता येतात, पांघरुणं मात्र आपली आपण न्यायची.